दोन बोटं उघडी काच

नागपूरहून उत्तरेला निघालेला रस्ता सावनेरला फुटतो. एक फाटा पांढुर्ण्यावरून मुलताई-बैतूलकडे जातो, दुसरा सौंसरवरून छिंदवाड्याकडे. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा काढलेला पांढुर्णा जिल्हा पांढुर्णा आणि सौंसर याच तालुक्यांचा. मध्य प्रदेशात असूनही घराघरांत मराठी बोलणारा, आणि संत्र्याच्या बागांनी ओळखला जाणारा. इथल्या गाडीला एकाच दिवसात दोन निराळी कामं पडतात. सकाळी बागेच्या कच्च्या वाटेवर पंधरा-वीसच्या वेगाने चिखल तुडवायचा आणि दुपारी दवाखान्यासाठी किंवा कळमन्याच्या बाजारासाठी नागपूर गाठायचं, तेव्हा काटा ऐंशी-नव्वदवर असतो.

जूनच्या मध्यावर पाऊस सुरू झाला की गाडीच्या सामानाच्या दुकानांत रेन व्हायझरची विचारणा वाढते. दारांच्या काचांवर, चौकटीच्या वरच्या कडेला चिकटवायची ही प्लॅस्टिकची वाकडी पट्टी. चार दारांच्या चार पट्ट्या. दुकानदाराचं म्हणणं साधं असतं : ‘लावून घ्या जी भाऊ, काच खाली घेतली तरी पानी अंदर येत नाही.’ हे म्हणणं खरं आहे, पण काही अटींवर. त्या अटी नीट कळल्या की व्हायझर लावायचा की नाही, हे दुसऱ्या कोणाला विचारावं लागत नाही. थोडक्यात सांगायचं तर या वस्तूचा उपयोग तुमच्या गावात पाऊस किती पडतो यापेक्षा तुम्ही पावसात गाडी किती हळू चालवता यावर ठरतो.

पन्हाळ कुठे गेली?

जुन्या अ‍ॅम्बेसेडरचं छत आठवून पाहा. छताच्या कडेला, दारांच्या वर, पत्र्याची बारीक पन्हाळ असायची. छतावर पडलेलं पाणी तिच्यात उतरायचं आणि पुढे किंवा मागे वाहून जायचं. मारुती ओम्नीवर तर ती लांबूनही दिसते. दार उघडलं किंवा काच खाली घेतली तरी छताचं पाणी मांडीवर येत नसे.

अ‍ॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या दोन्ही गाड्यांत आणखी एक सोय होती. पुढच्या दारातली छोटी त्रिकोणी काच. ती खिळीवर फिरायची. किंचित तिरकी केली की तिच्या मागच्या कडेपाशी हवेचा दाब कमी व्हायचा आणि आतली कोंदट हवा बाहेर खेचली जायची. पुरती उलटी फिरवली की बाहेरचा वारा थेट अंगावर. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३३ च्या मॉडेलांत ही काच आणली आणि पुढे जगभरच्या गाड्यांनी ती उचलली. गार वाऱ्याचा झोत अंगावर न घेता गाडीतली हवा बदलावी, हा तिचा मूळ हेतू.

या दोन्ही गोष्टी गेल्या त्या मुख्यतः इंधनापायी. १९७०च्या दशकात तेल महागलं आणि वाऱ्याला कमी अडवणारी गाडी बनवण्याकडे कारखान्यांचं लक्ष गेलं. १९८२ साली आलेल्या ऑडी १०० या गाडीच्या काचा पत्र्याशी समतल बसवल्या होत्या. वाऱ्याच्या अवरोधाचा तिचा गुणांक ०.३० होता आणि त्या काळी तो विलक्षण कमी मानला गेला. त्या वाटेवर छताची उघडी पन्हाळ अडसर ठरली, कारण तिच्यावर वारा घासतो आणि शिट्टी वाजते. एअर कंडिशनर आल्यावर त्रिकोणी काचेचीही गरज संपल्यासारखी झाली.

आजच्या गाडीत आणखी एक बदल आहे, तो सहसा ध्यानात येत नाही. बाजूच्या काचा उभ्या नसतात, वरच्या टोकाला आत कललेल्या असतात. त्यामुळे काच चार सेंटिमीटर खाली घेतली की उघडलेली फट थोडीशी आकाशाकडे तोंड करते. वारा पडलेला असो, पाऊस अगदी सरळ पडत असो, थेंब आत येतात. वर छताचं पाणी ओघळून त्याच फटीत उतरतं. जुन्या घराला भिंत वाचवायला वळचण असते, तशी वळचण आजच्या मोटारीला उरलेली नाही. व्हायझर म्हणजे ती नंतर लावणं.

दोन बोटांचा हिशेब

साधारण व्हायझर काचेपासून तीन-चार सेंटिमीटर बाहेर येतो आणि सहा-सात सेंटिमीटर खाली उतरतो. काच दोन बोटं, म्हणजे तीन-साडेतीन सेंटिमीटर खाली घेतली, तर उघडी फट पूर्णपणे व्हायझरच्या आड राहते. थेंबाला आत यायचं तर पट्टीच्या खालच्या कडेखालून शिरून पुन्हा तीनेक सेंटिमीटर वर चढावं लागेल.

मोठा थेंब सेकंदाला सात-आठ मीटर वेगाने खाली येत असतो. बाजूने सेकंदाला पाच मीटरचा, म्हणजे ताशी अठरा किलोमीटरचा वारा असेल, तर तो तीसेक अंश तिरका होतो. तरीही त्याची दिशा खालचीच राहते, म्हणून तो वर चढू शकत नाही. आत आलंच तर फुटलेल्या थेंबांचे बारीक तुषार येतात. त्यांनी कागद दमट होतील, माणूस भिजणार नाही.

काच हातभर खाली घेतली की चित्र पालटतं. व्हायझर वरच्या सहा-सात सेंटिमीटरांपुरताच असतो, त्याच्या खालची सारी उघडी जागा वाऱ्यापावसाला मोकळी. छताचा ओघळ मात्र तेव्हाही अडवला जातो, आणि सिग्नलला किंवा पेट्रोल पंपावर काच पूर्ण उतरवताना तेवढ्याचंही मोल असतं. पण ‘व्हायझर लावला, आता पावसात काच पूर्ण उघडी ठेवा’ असं कोणी म्हणत असेल तर ते मानू नका. दोन बोटं ही त्याची मर्यादा, आणि त्या मर्यादेत तो चोख काम करतो.

काचेवरची वाफ

पावसाळ्यात काच उघडी ठेवायची गरज वाऱ्यापेक्षा वाफेमुळे जास्त पडते. एक माणूस श्वासावाटे आणि त्वचेवाटे तासाला साधारण चाळीस-पन्नास ग्रॅम पाणी हवेत सोडतो. पाच जण बसले तर तासाभरात पाव लिटरच्या आसपास. त्यात ओल्या छत्र्या, चिखलाचे पाय, भिजलेले सदरे. जुलैत बाहेरची हवा आधीच ओलाव्याने भरलेली असते आणि पाण्याची धार काचेला बाहेरून गार करत असते. आतली दमट हवा त्या गार काचेला टेकली की तिच्यातलं पाणी थेंबाथेंबाने काचेवर बसतं. समोरची बैलगाडी दिसेनाशी होते, ती या बारीक थेंबांमुळे.

यावर खरा उतारा एअर कंडिशनर. त्याच्या आतल्या गार नळ्यांवर हवेतली वाफ पाणी होऊन ठिबकते, गाडीखाली पडणारं पाणी ते हेच, आणि कोरडी हवा काचेवर जाते. वाफ धरली की एसी लावा, हवेचा झोत पुढच्या काचेकडे वळवा आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा घ्या. काच बाहेरून धुरकट झाली तर उलटा प्रकार घडलेला असतो. एसीने काच इतकी गार केली की बाहेरचा ओलावा तिच्यावर बसला. तेव्हा वायपर फिरवा आणि एसीचं तापमान थोडं वाढवा.

मग व्हायझर कुठे लागतो? ज्या गाडीचा एसी बंद पडलेला आहे किंवा मुळात नाही तिथे. ज्यांना एसीचा गारठा सोसत नाही अशी म्हातारी माणसं किंवा सर्दीने हैराण झालेली पोरं सोबत आहेत तिथे. गाडी उभी करून फाटकापाशी किंवा दवाखान्याच्या दारात वाट पाहायची आहे आणि इंजिन चालू ठेवायचं नाही तिथे. पुढच्या एका बाजूची आणि मागच्या विरुद्ध बाजूची काच दोन-दोन बोटं उघडी ठेवली की हवेला वाट मिळते आणि वाफ हळूहळू निघून जाते. एकच काच उघडली तर हा लाभ निम्माही होत नाही.

वेग वाढला की

आता तीच गाडी नागपूरच्या चौपदरी रस्त्यावर आणा. पुढच्या काचेवर आदळलेला वारा बाजूला वळताना पुढच्या खांबाच्या कडेपाशी भोवरा तयार करतो. गाडीतल्या वाऱ्याच्या आवाजाचा मोठा भाग याच भोवऱ्यातून येतो. म्हणून कारखाने त्या खांबाची गोलाई घासून-पुसून ठरवतात. व्हायझरचं पुढचं टोक नेमकं त्याच जागी येतं.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी वीसच्या वेगाला तो जितका, त्याच्या चौपट चाळीसला आणि सोळापट ऐंशीला. पाऊण मीटर लांब आणि सात सेंटिमीटर रुंद पट्टीवर ऐंशीच्या वेगाला अंदाजे दीड किलो वजनाइतका जोर येऊ शकतो, शंभरला तो अडीच किलोच्या जवळ जातो. आवाज तर याहूनही झपाट्याने चढतो. गावात जो व्हायझर आहे हेही कळत नाही, तोच महामार्गावर सळसळतो. पट्टीचं टोक नीट चिकटलेलं नसेल तर शिट्टी वाजते, आणि त्या दीड-दोन किलोच्या ओढीने टेप थोडी-थोडी सुटत जाते. इंधनाच्या खर्चात त्यामुळे पडणारा फरक मात्र किरकोळ असतो. त्याची धास्ती घेण्याचं कारण नाही.

एका बाबतीत व्हायझर वेगातही मदत करतो. मागची एकच काच उघडली की कानात धपधप असा दाब बसतो, हे बहुतेकांनी अनुभवलेलं असतं. उघड्या फटीवरून जाणारा वारा आतल्या हवेला लयीत दाबतो-सोडतो, आणि ती कंपनं कानाला ऐकू येण्याच्या सीमेवरची, सेकंदाला वीसच्या आसपास असतात. फटीच्या तोंडाशी व्हायझर असला तर हा प्रकार कमी होतो. अर्थात समोरची दुसरी काच बोटभर उघडूनही तो थांबतो, आणि त्याला पैसा लागत नाही.

सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना रामाकोन्याच्या पुढे सिल्लेवानीचा घाट लागतो. तिथे वेग आपोआप उतरतो, वळणांवर समोरच्या गाडीचा हॉर्न ऐकू येणं जरुरीचं असतं आणि धुकं-पाऊस एकत्र येतो. अशा रस्त्यावर दोन बोटं उघडी काच सुरक्षिततेच्या कामी येते, कारण कान मोकळे राहतात.

उन्हाळ्याबद्दलचा एक घातक समज

विदर्भाला लागून असलेल्या या पट्ट्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या जवळ जातो. तेव्हा व्हायझरची दुसरी बाजू सांगितली जाते : काच थोडी उघडी ठेवून गाडी उन्हात लावा, आत तापणार नाही. हा समज खोटा आहे आणि जिवावर बेतू शकतो.

अमेरिकेत कॅथरीन मॅकलारेन, जॅन नल आणि जेम्स क्विन यांनी केलेला अभ्यास २००५ साली ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या बालरोगविषयक नियतकालिकात आला. उन्हात लावलेल्या बंद गाडीचं आतलं तापमान तासाभरात सरासरी बावीस अंश सेल्सिअसने चढलं. त्यातली ऐंशी टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात झाली. काचा सुमारे चार सेंटिमीटर उघड्या ठेवून पाहिलं तेव्हा या चढण्यात सांगण्यासारखा फरक पडला नाही. त्यांनी हे मोजलं ते बावीस ते छत्तीस अंशांच्या दिवसांत. आपल्याकडच्या मे महिन्याची त्यावरून कल्पना करावी. सूर्यकिरण काचेतून आत शिरतात, डॅशबोर्ड आणि सीट तापवतात, आणि ती उष्णता चार सेंटिमीटरच्या फटीतून निघून जाण्यापेक्षा कितीतरी वेगाने साठते. व्हायझर असो वा नसो, मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला उन्हातल्या गाडीत पाच मिनिटंही एकटं ठेवू नये. शिवाय उघडी फट चोराला आयतं निमंत्रण देते.

याच उन्हात व्हायझरची स्वतःची परीक्षा होते. पुष्कळ व्हायझर अ‍ॅक्रिलिकचे असतात. तापल्यावर अ‍ॅक्रिलिक पोलादाच्या जवळजवळ सहापट प्रसरण पावतं. डिसेंबरच्या पहाटे दहा अंश आणि मेच्या दुपारी काळ्या पट्टीवर साठ, असा पन्नास अंशांचा फरक धरला तर ऐंशी सेंटिमीटरची पट्टी जवळपास तीन मिलिमीटर वाढते. खालचा पोलादी पत्रा अर्धाच मिलिमीटर. मधला अडीच-एक मिलिमीटरचा फरक वर्षभरात, आणि त्यातला काही भाग रोज, ताणायचा आणि सोडायचा, हे काम त्या बारीक दुहेरी टेपला करावं लागतं. अ‍ॅक्रिलिक फोमची चांगली टेप रबरासारखी ताणली जाऊन पुन्हा जागेवर येते. स्वस्त पांढऱ्या फोमची टेप एका उन्हाळ्यात चुरा होते, आणि पहिल्या जोरदार पावसात पट्टी रस्त्यावर पडते. व्हायझर विकत घेताना पट्टीच्या चकाकीपेक्षा मागच्या टेपकडे पाहावं, ते यासाठी.

नजर आणि कायदा

सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी गाड्यांच्या काचांवरील काळ्या फिल्मला मनाई केली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०० चा त्याला आधार होता : पुढच्या-मागच्या काचेतून किमान सत्तर टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान पन्नास टक्के प्रकाश आत आला पाहिजे. व्हायझर ही काचेवर लावलेली फिल्म नव्हे. पण त्या निकालामागचा विचार इथेही लागू पडतो : चालकाची नजर अडता कामा नये.

पुढचा खांब आधीच एक आंधळा कोपरा तयार करतो. पांढुर्ण्याच्या बाजारात त्या कोपऱ्यातून मोटारसायकल येते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या जत्रेला लोटलेली गर्दी येते, मंगळवारी-शनिवारी जाम सावळीच्या हनुमानाला निघालेले भाविक येतात. उंच चालकाच्या डोळ्यांसमोर व्हायझरची काळी कड नेमकी तिथेच आली तर तो कोपरा आणखी रुंद होतो. म्हणून गडद काळ्या पट्टीऐवजी हलक्या धुरकट रंगाची पारदर्शक पट्टी घ्यावी. विकत घेण्याआधी चालकाच्या सीटवर बसून, पट्टी नुसती जागेवर धरून, उजवीकडे पाहावं. आरसा आणि रस्ता पूर्ण दिसत असेल तरच पुढे जावं.

बसवताना

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक दाराच्या चौकटीवर बाहेरून चिकटणारा, दुसरा काचेच्या रबरी खाचेत आत सरकवायचा. दुसरा दिसायला सुबक, पण काचेच्या वाटेत थोडी जागा खातो. ज्या गाडीत काच वर जाताना अडथळा लागला की ती आपोआप खाली येते, तिथे ही यंत्रणा व्हायझरलाच अडथळा समजू शकते आणि काच बंद होईनाशी होते. अशा गाडीला बाहेरून चिकटणाराच बरा.

तो चिकटवण्याचं काम घाईचं नाही. कोरडा, उबदार दिवस निवडावा. पावसाची झड लागली असताना दुकानापुढच्या रस्त्यावर ओल्या दारावर लावलेला व्हायझर टिकत नाही. आधी चौकट धुऊन कोरडी करावी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, कारण पॉलिशचा थर टेपला धरू देत नाही. टेपचा कागद एकदम ओढून काढू नये. दोन्ही टोकांचा थोडा सोडवून बाहेर वळवावा, पट्टी नेमकी जागेवर आणावी आणि मग कागद हळूहळू ओढत, मागोमाग अंगठ्याने दाबत जावं. अशा टेपची पूर्ण पकड यायला साधारण बहात्तर तास लागतात. निदान पहिला दिवस गाडी धुऊ नये, आणि तीन दिवस महामार्गावर वेगात नेऊ नये. त्यानंतर दर पावसाळ्याच्या तोंडी पट्टीचं पुढचं टोक नखाने उचलून पाहावं. हलत असेल तर तेव्हाच काढून नवी टेप लावावी. काढताना केस वाळवायच्या यंत्राने टेप गरम करावी आणि मागून मजबूत दोरा करवतीसारखा ओढावा. पेचकसाने उचकटलं तर रंग जातो.

मग लावायचा का?

ज्यांची गाडी बहुतेक गावात आणि बागेत फिरते, एसी कमी चालतो, सोबत मुलं-म्हातारी असतात, त्यांनी जरूर लावावा. मृग बहराची फुलं यायच्या दिवसांत, पावसात रोज मळ्यात जाणाऱ्या संत्रा बागायतदाराला तो रोज उपयोगी पडेल. जे आठवड्यातून अनेकदा नागपूरला जातात आणि काचा बंद करून एसीतच बसतात, त्यांच्या पदरात फक्त आवाज पडेल. त्यांनी तो खर्च वायपरच्या नव्या रबरांवर आणि एसीच्या फिल्टरवर करावा. पावसात त्या दोन गोष्टी जीव वाचवतात. दोन्ही तऱ्हेचं जगणं असणाऱ्यांनी चारच्या संचाचा हट्ट सोडावा. मागच्या दारांना तेवढे व्हायझर लावले तर दुकानदार कुरकुर करेल, पण चालकाची नजर मोकळी राहते, पुढच्या खांबापाशी आवाज वाढत नाही आणि मागे बसलेल्यांना हवा मिळते.

तरीही मन ठरत नसेल तर गेला पावसाळा आठवा. पाऊस पडत असताना काच खाली घ्यावीशी वाटली आणि पाणी आत येईल म्हणून घेता आली नाही, असं दर आठवड्याला होत होतं का? होत असेल, तर पावसाची वाट न पाहता मे महिन्याच्या एखाद्या कोरड्या सकाळी चांगल्या टेपचा व्हायझर लावून घ्या. असा एकही प्रसंग आठवत नसेल, तर तुमच्या गाडीला त्याची गरज नाही.